एकच तिकीट, चार कागद: जुन्या महसुली तिकिटांचा कागद ओळखायला शिकताना

माझ्यासमोर आत्ता एका दख्खनी संस्थानाची चार कोर्ट फी तिकिटं आहेत. चारही एक आण्याची, एकाच ठशातली, रंगात उन्नीस-वीसचा फरक. पण चिमट्याने उचलली की चार वेगळ्या गोष्टी हाताला लागतात. पहिलं जाड आणि कडक, वाळलेल्या पापडासारखं. दुसरं मऊ, करड्या झाकेचं, मधेच एक तागाचा धागा. तिसरं गुळगुळीत, उजेडासमोर धरलं तर आडव्या रेघांचं. चौथं इतकं पातळ की खालचं बोट दिसतं. सुरुवातीची दोन वर्षं मी ही चारही एकाच पाकिटात 'डुप्लिकेट' म्हणून टाकत होतो. तुम्ही ते करू नये म्हणून हा लेख.

संस्थानी तिकिटांत कागदाला एवढं महत्त्व का, ते आधी समजून घेऊ. लंडनच्या दे ला रू कंपनीत इंग्रज सरकारची तिकिटं छापली जात तेव्हा कागद ठरलेला असे, त्यात वॉटरमार्क (उजेडासमोर दिसणारी कागदाच्या अंगातली खूण) असे, रीमचा हिशेब असे. संस्थानात तसं नव्हतं. दरबारच्या छापखान्यात एक ठसा किंवा छपाईचा एक दगड असायचा, आणि तो झिजेपर्यंत वीस-तीस वर्षं चालायचा. तिकिटं संपली की पुन्हा छपाई, आणि त्या वेळी कोठीत जो कागद असेल तो मशीनवर. कधी गावचा हातकागद, कधी मुंबईहून आलेला विलायती फुलस्केप, कधी आणखी काही. चित्र तेच राहिलं, बदलला तो कागद. म्हणून कोणती छपाई आधीची आणि कोणती नंतरची, हे बऱ्याचदा एकटा कागदच सांगू शकतो.

सगळ्यात आधी: तिकीट दस्तावरून सोडवू नका

ही पायरी मी मुद्दाम पहिली घेतली, कारण इथे झालेली चूक नंतर सुधारता येत नाही. पोस्टाच्या तिकिटावर निदान शिक्क्यात तारीख असते. महसुली तिकीट रद्द होतं ते सहीने, शाईच्या रेघेने किंवा पंचने. तारीख असते ती दस्तावर. गहाणखत असो, वकीलपत्र असो, कबुलायत असो, त्यावरची तारीख हा त्या तिकिटाचा जन्मदाखला नसला तरी 'या दिवशी हा कागद वापरात होता' याचा पक्का पुरावा आहे. तिकीट सोडवलंत की तो पुरावा गेला, आणि कागदांचा क्रम लावायचं एकमेव साधनही गेलं.

दुसरं कारण शाईचं. महसुली तिकीट धुऊन पुन्हा वापरणं हा जुना उद्योग होता. तो हाणून पाडायला पाण्यात विरघळणाऱ्या शाया मुद्दाम वापरल्या जात, विशेषतः जांभळ्या आणि हिरव्या. नवखा असताना मी एक सुंदर जांभळं कोर्ट फी तिकीट वाटीभर पाण्यात टाकलं आणि चहा घेऊन आलो. परत आलो तेव्हा पाणी फिकट जांभळं होतं आणि तिकीट राखाडी. त्याची मला अजून रुखरुख आहे. संस्थानी तिकिटांत वॉटरकलर किंवा हातशिक्क्याची शाई असेल तर पाण्याचा एक थेंबही जवळ नको.

जी आधीच सुटलेली आहेत, तीही तशीच कोरडी तपासायची. पाठीला जुन्या कागदाचे तुकडे चिकटलेले असतील तर ते असू द्या. त्यातल्या मोडीच्या दोन अक्षरांवरून कधीकधी तालुका कळतो.

हत्यारं

चपट्या टोकाचा चिमटा, दहापट भिंग, एलईडी ट्रेसिंग पॅड, ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च, जाडी मोजायला स्क्रू गेज आणि एक वही. ट्रेसिंग पॅड नसेल तर मोबाइलचा पडदा पूर्ण पांढरा करून त्यावर ओएचपीची पारदर्शक शीट ठेवा, काम भागतं. स्क्रू गेज कॉलेजच्या प्रयोगशाळेत वापरलेलंच, फक्त रॅचेट असलेलं घ्या, म्हणजे दाब दर वेळी सारखा पडतो. मोजायच्या आधी झेरॉक्सचा साधा कागद मोजून बघा. तो साधारण ०.१ मिलिमीटर भरतो. हात आणि यंत्र दोन्ही ठीक आहेत की नाही, ते लगेच कळतं.

वॉटरमार्क बघायला काळी बशी आणि बेंझिन (पेट्रोलियमपासूनचं, लायटरच्या इंधनासारखं द्रव; विषारी बेंझीन नव्हे) वापरतात. ते जपून. बेंझिन भुर्रकन पेट घेतं, म्हणून देवघरातला दिवा, गॅस, उदबत्ती यांच्या खोलीत नको. फोटोग्रॅव्हूरने, म्हणजे फोटोवरून कोरलेल्या सिलिंडरने, छापलेल्या तिकिटांची शाई त्याने उतरू शकते. भारतात ती छपाई १९५२ पासूनची, तेव्हा जुन्या महसुली तिकिटांना तो धोका नाही, पण हातशिक्क्यांवर मी ते कधीच वापरत नाही.

पहिली ओळख: उजेडासमोर धरा

कागद म्हणजे लगद्याचं पाणी चाळणीतून गाळून उरलेला थर. चाळणी जशी, तशी खूण कागदात राहते. निम्मी ओळख या एका वाक्यात आहे.

चाळणी तारेच्या जाळीची, कापडासारखी विणलेली असेल तर उजेडात कागद सारखा दिसतो, किंवा अगदी बारीक ठिपक्यांचा. याला वोव्ह कागद म्हणतात. चाळणी एकमेकींना लागून ठेवलेल्या समांतर तारांची असेल तर जवळजवळ रेघा दिसतात, आणि त्यांना काटकोनात, दोन-तीन सेंटिमीटरवर, एखादी ठळक रेघ. हा लेड कागद. जवळच्या रेघा तारांच्या, लांबच्या रेघा त्या तारांना एकत्र बांधणाऱ्या तारांच्या. तिकीट लहान असल्यामुळे लांबची रेघ त्यात येईलच असं नाही. ती दिसली नाही म्हणून 'हा लेड नाही' असं ठरवू नका.

लेड कागदाच्या रेघा आडव्या आहेत की उभ्या, हे वहीत लिहा. छापखान्यात कागद फिरवून घातला गेला की एकाच छपाईत दोन्ही प्रकार निघतात. त्यातून मोठा निष्कर्ष निघत नाही, पण नोंद हवी. त्यापेक्षा उपयोगी गोष्ट म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये रेघा किती, ती मोजदाद. दोन तिकिटांत हा आकडा ठळक वेगळा निघाला तर ते दोन वेगळे कागद, मग रंग कितीही जुळो.

तिसरा प्रकार बातोने. नाव फ्रेंच आहे, वस्तू ओळखीची आहे. पत्र लिहिताना ओळ सरळ यावी म्हणून ज्या कागदात मुळातच अंतराअंतरावर रेघा असत, तो हा. रेघ शाईची नसते, कागदाच्या अंगातली असते. दोन रेघांमधली जागा वोव्ह असेल तर वोव्ह बातोने, लेड असेल तर लेड बातोने. काश्मीरलगतच्या पूंछ संस्थानाच्या टपाल तिकिटांत हे दोन्ही सापडतात, साधा लेडही सापडतो. एका छोट्या दरबाराने हाताला येईल तो लिहायचा कागद कसा वापरला, हे बघायचं असेल तर पूंछची स्वस्तातली दहा तिकिटं घ्या. ती महसुली नसली तरी डोळा तयार करायला त्यांच्याइतका चांगला धडा मला दुसरा माहीत नाही.

उजेडाची दिशाही बदला. मागून उजेड घेतला की आतली घडण दिसते. बाजूने, अगदी तिरका उजेड टाकला की पृष्ठभाग दिसतो: उभ्या बारीक सुरकुत्यांसारखा रिब्ड कागद, घोटाईची चमक, ठशाने पडलेला खळगा. ठसा जोरात दाबलेला असेल तर मागच्या बाजूला उठाव येतो आणि नवखे त्याला कागदाची रेघ समजतात. रेघ चित्राच्या बाहेर, समासातही चालू राहते का, ते बघा. राहिली तर कागदाची, तिथेच थांबली तर ठशाची.

हातकागद: इथे घाई नको

कॅटलॉगमध्ये 'नेटिव्ह पेपर' असे दोन शब्द लिहिलेले असतात आणि त्यात अख्खा देश कोंबलेला असतो. आपल्याकडे जुन्नरला कागद होत असे. पेशवे दफ्तरातला कितीतरी व्यवहार जुन्नरी कागदावर आहे. दौलताबादजवळ कागजीपुरा आहे, नावातच धंदा. काश्मिरी कागद तर राजेरजवाड्यांच्या पोथ्यांसाठी प्रसिद्ध. हे सगळे कागद हातकागदच, पण एकसारखे नाहीत.

तो बनायचा कसा, हे डोळ्यांपुढे आणलं की ओळखायच्या खुणा पाठ कराव्या लागत नाहीत. ताग, अंबाडी, जुने दोर, गोणपाट, चिंध्या कुटून चुन्यात भिजवायच्या, धुवायच्या, पुन्हा कुटायच्या. लगदा हौदात. त्यात गवताच्या काड्यांची चटई बुडवून वर काढायची. काड्या घोड्याच्या केसांनी बांधलेल्या. ओला ताव थप्पीवर उतरवायचा, दाबून पाणी काढायचं, मग भिंतीला लावून वाळवायचा. शेवटी पिठाच्या खळीचा हात आणि गुळगुळीत दगडाने घोटाई.

आता तिकीट उजेडासमोर धरा. काडी तारेसारखी एकसारखी नसते, म्हणून रेघा दिसल्या तरी थोड्या वाकड्या, कुठे जाड, कुठे पुसट, मधेच गायब. लगदा हाताने कुटलेला, म्हणून ढगाळ: दाट-विरळ पट्टे, क्वचित गाठ. न कुटला गेलेला तागाचा तुकडा सोनेरी किंवा तपकिरी केसासारखा चमकतो. घोटाईमुळे एक बाजू, किंवा दोन्ही, तिरक्या उजेडात तुळतुळीत आणि त्यात दगड फिरल्याचे लांबट पट्टे. भिंतीला लागलेली बाजू किंचित खरखरीत. आणि खळीमुळे तो कडकडीत वाजतो. त्याच खळीवर कसर तुटून पडते, म्हणून बारीक भोकं आणि खरवडलेले रस्ते हातकागदावर जास्त सापडतात.

जाडी मोजताना एका ठिकाणी मोजून थांबू नका. चार कोपरे आणि मध्य असे पाच आकडे घ्या. यंत्राच्या कागदात हे पाचही जवळजवळ सारखे येतात. हातकागदात एकाच तिकिटाच्या दोन कोपऱ्यांत दीडपट फरक मी मोजलेला आहे. म्हणून 'जाड हातकागद' आणि 'पातळ हातकागद' असे दोन प्रकार करायची घाई चुकीची ठरते. एकाच तावाच्या दोन टोकांची तिकिटं तुम्ही दोन प्रकारांत टाकाल. भोर संस्थानाच्या १८७९ च्या अर्ध्या आणि एक आण्याच्या टपाल तिकिटांबद्दल सूचीकारांनीही 'अतिजाड ते पातळ देशी कागद' असंच एकत्र लिहिलंय, तुकडे पाडलेले नाहीत. ते शहाणपणाचं आहे. त्याच भोरचं १९०१ चं अर्ध्या आण्याचं तिकीट वोव्ह कागदावर आहे. दोन्ही शेजारी ठेवली की बावीस वर्षांत पंतसचिवांच्या दरबारात कोणता कागद आला, ते बोटांनाच कळतं.

एक सावधगिरी. विलायती लेड कागद जुना, मळलेला, पिवळा झाला की हातकागदासारखा दिसू लागतो. फरक रेघांत. तारेच्या रेघा रुळांसारख्या सरळ आणि समान अंतरावर. काडीच्या रेघा नांगरटीसारख्या.

पंचचं भोक: फुकटची खिडकी

ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, कागद चाळता चाळता सापडली, आणि कोर्ट फी तिकिटांपुरती तिला तोड नाही. १८७० च्या कोर्ट फी कायद्यात असं आहे की तिकीट रद्द करताना त्यातलं चित्र पंचने काढून टाकायचं, किमतीचा भाग तसाच ठेवायचा, आणि काढलेला तुकडा जाळून किंवा अन्य तऱ्हेने नष्ट करायचा. म्हणून बहुतेक वापरलेल्या कोर्ट फी तिकिटांना गोल भोक असतं. संग्राहक त्या भोकाला नावं ठेवतात. मला ते आवडतं, कारण तिथे कागदाचा आडवा छेद आयताच मिळतो.

भिंगाखाली भोकाची कड बघा. चिंध्यांचा किंवा तागाचा कागद असेल तर लांब, चिवट तंतू कडेतून बाहेर आलेले दिसतील. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद असेल तर कड आखूड, भुसभुशीत, आणि बहुधा तपकिरी पडलेली. रंगीत कागदात तर हा छेद निकाल लावतो: रंग लगद्यातच असेल तर कड आतपर्यंत रंगीत, वरून दिलेला असेल तर मधे पांढरी रेघ. वर खडूचा थर असेल तर दोन्ही बाजूंच्या पृष्ठावर बारीक पांढरी साय दिसते, कधी ती भोकाभोवती टवके उडून गेलेली असते.

तो दस्तही भोकाच्या निमित्ताने कापला गेला असेल तर दोन्ही कागदांची कड एकावर एक दिसते. तिकिटाचा कागद दस्ताहून वेगळा आहे का, हे एका नजरेत कळतं.

रंग: कागदाचा की काळाचा?

नवख्यांचे निम्मे 'नवीन शोध' चहाच्या रंगाचे असतात. कागद पिवळा पडतो, धुराने तपकिरी होतो, डिंकाने डागाळतो, शेजारच्या कागदाचा रंग घेतो. म्हणून रंगाचा निर्णय झाकलेल्या जागेवर घ्यायचा. दोन तिकिटं एकावर एक चिकटवलेली असतील तर खालच्याचा झाकलेला भाग, दस्ताच्या घडीच्या आतला भाग, नाहीतर जुन्या हिंजखालची (तिकीट अल्बमला लावायच्या डिंकाच्या कागदी पट्टीखालची) जागा. तिथेही तोच रंग असेल तर तो कागदाचा. तिथे पांढरा असेल तर काळाचा.

मुद्दाम रंगवलेले आणि आपसूक रंगलेले असे दोन्ही कागद खरे असतात, हेही लक्षात ठेवा. १८५५ मध्ये दे ला रूने भारतासाठी छापलेली चार आणि आठ आण्याची टपाल तिकिटं निळसर, चकचकीत कागदावर आहेत. पुढे तीच पांढऱ्या कागदावर आली. अशी निळाई समोरच्यापेक्षा पाठीवरून नीट दिसते, म्हणून तिकीट पालथं करून, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. पिवळ्या बल्बखाली निळा कागद कुणालाही दिसलेला नाही.

वॉटरमार्क, आणि त्यात होणारी फसगत

सराव करायला सगळ्यात स्वस्त जोडी सांगतो. पंचम जॉर्जचं चॉकलेटी एक आण्याचं तिकीट. आधीची छपाई लंडनची, प्रत्येक तिकिटात एकच तारा. १९२६ पासून नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छपाई सुरू झाली आणि कागदभर लहान लहान तारे आले. चित्र तेच, रंग तोच. दोन्ही काही रुपयांत मिळतात. १९०६ मध्ये सातव्या एडवर्डच्या अर्ध्या आणि एक आण्याच्या तिकिटांवर 'पोस्टेज अँड रेव्हेन्यू' अशी अक्षरं आली आणि टपालाचं तिकीट पावतीवर चालू लागलं, म्हणून वीस रुपयांवरच्या जुन्या पावत्यांवर सहीखाली अशी तिकिटं दिसतात. सावकारी पावत्यांचा एखादा गठ्ठा मिळाला तर तारखेनुसार लावा आणि एक तारा संपून अनेक तारे कधी सुरू होतात ते स्वतः बघा. हा अर्ध्या दिवसाचा उद्योग आहे आणि त्यातून जे कळतं ते वाचून कळत नाही.

आता फसगत. संस्थानी तिकिटांचा कागद मुळात लिहायचा-छापायचा असे. त्यात तिकिटापुरता वॉटरमार्क नसे, अख्ख्या तावावर गिरणीचं मोठं नाव किंवा मुकुट असे. तो ताव शंभर तिकिटांत कापला की पंधरा-वीस तिकिटांवर एखाद्या अक्षराचा तुकडा येतो आणि उरलेल्यांवर काहीच नाही. तुमच्या तिकिटात इंग्रजी 'टी'चा अर्धा दांडा दिसला म्हणजे नवा प्रकार सापडला असं नव्हे. तो तावातला वॉटरमार्क आहे. जपून ठेवा, वहीत अक्षर काढून ठेवा, अजून चार तुकडे मिळाले की गिरणीचं नाव जुळेल.

दस्ताच्या कागदाचाही वॉटरमार्क बघा. विलायती गिरण्या नावासोबत सालही घालत. ती पद्धत १७९४ च्या एका ब्रिटिश कायद्यातून आली आणि पुढे सवयीने चालू राहिली. दस्तावर १८८६ ची तारीख आणि कागदात १८८४ चं साल, हे नेहमीचं. कागदात १८९१ आणि दस्तावर १८८६ असेल तर तिथे काहीतरी खोटं आहे. बंगालमधल्या टिटागढ गिरणीसारख्या देशी गिरण्यांचा कागद मिळाला तर तो १८८० च्या दशकाच्या आधीचा असू शकत नाही, हे एक उपयोगी ओझरतं माप.

पातळ कागद आणि पातळ झालेला कागद

पेल्यूर हा खरा पातळ कागद: कडक, जवळजवळ पारदर्शक, हलवला तर खडखडतो. जाडी ०.०५ मिलिमीटरच्या आसपास. पण दस्तावरून ओढून काढलेलं तिकीटही पातळ असतं, कारण त्याची पाठ दस्तावरच राहिलेली असते. उजेडासमोर ते डागाडागांनी उजळ दिसतं, पाठीला लव येते, आणि पाच ठिकाणच्या जाडीत मेळ नसतो. विकणारा ते 'थिन पेपर व्हरायटी' म्हणून विकतो, बहुधा त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. पाठ बघितल्याशिवाय पातळ कागदाचे जास्त पैसे देऊ नका. फोटोवरून घेणार असाल तर पाठीचा फोटो मागा. दिला नाही तर सोडून द्या.

खडूचा थर असलेल्या कागदासाठी जुने लोक चांदी घासून बघत. चांदीची पेन्सिलसारखी काळी रेघ उठली तर कागद खडूचा. चाचणी खरी आहे, पण रेघ कायमची राहते. आधीच फाटलेल्या तिकिटावर एकदा करून डोळ्यात साठवा, मग पुन्हा नको. तिरक्या उजेडात तो कागद अंड्याच्या कवचासारखा मंद चकाकतो, तेवढ्यावर काम होतं.

यूव्ही टॉर्च काय सांगते, काय सांगत नाही

कपडे आणि कागद शुभ्र दिसावेत म्हणून घालतात ती द्रव्यं कागदात १९५० च्या आसपास आली. यूव्हीखाली ती निळसर पांढरी झगमगतात. १८९० चं म्हणून दिलेलं तिकीट अंधारात टॉर्चखाली नव्या सदऱ्यासारखं उजळलं, तर संशय घ्या. जुना चिंध्यांचा किंवा तागाचा कागद मंद, पिवळट, मरगळलेला दिसतो.

पण एवढ्यावर 'बनावट' म्हणू नका. कुणीतरी ते तिकीट कपडे धुवायच्या पावडरीच्या पाण्यात टाकलेलं असू शकतं, तीच द्रव्यं पावडरीतही असतात. नवी हिंज, चिकटपट्टी, नवा डिंक हेही चमकतात. चमक सगळीकडे सारखी आहे की पाठीवर, डागाडागांत आहे, ते बघा. आणि उलटही: चमकलं नाही म्हणून खरं, असं नाही. जुन्या वह्यांचे कोरे कागद बाजारात मिळतात आणि बनावट करणाऱ्यांनाही ते मिळतात. टॉर्च डोळ्यांत मारू नका, मुलांच्या हातात देऊ नका.

वही

प्रत्येक तिकिटाला एक ओळ. दस्ताची तारीख, गाव, कागदाची घडण, रेघांची दिशा आणि सेंटिमीटरमधली संख्या, जाडीचे पाच आकडे, पाठीचा रंग, घोटाई आहे-नाही. कागदाचं नाव शेवटच्या रकान्यात आणि पेन्सिलने. आधी जे दिसलं ते लिहायचं, नाव नंतर. नाव आधी लिहिलं की डोळे तेच बघू लागतात.

सूचीतल्या नावाशी तुमचं वर्णन जुळलं नाही तर लगेच स्वतःला चूक ठरवू नका. अॅडॉल्फ कोपेल आणि रेमंड मॅनर्स यांनी १९८० च्या दशकात संस्थानी कोर्ट फी आणि महसुली तिकिटांची जी सूची केली, तीच आजही आधार आहे, पण इतक्या संस्थानांचा प्रत्येक कागद कुणा दोघांच्या हाताखालून जाणं शक्य नाही. दख्खनच्या लहान संस्थानांचे दस्त आपल्याच घरांत, आपल्याच माळ्यांवर आहेत. मोडी वाचणारा मित्र आपल्याला मिळू शकतो, लंडनच्या संग्राहकाला तो मिळणं कठीण. या कामात मराठी माणसाइतकी सोयीची जागा दुसऱ्या कुणाची नाही, असं मला मनापासून वाटतं.

मात्र घरचे दस्त हाताळताना एक बघा: जमिनीचा, वाटणीचा, विहिरीच्या हक्काचा कागद असेल तर तो आधी घराचा पुरावा आहे, मग तुमचा संग्रह. त्याचे फोटो काढा, मूळ जागेवर ठेवा. आणि पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी दस्तांचे गठ्ठे दिसले तर दुकानदाराला तिकिटं कापू नका म्हणून सांगा, अख्खा दस्त घेतो म्हणा, दोन पैसे जास्त द्या. असं सांगत राहिल्यावर माझ्या ओळखीच्या दोघा विक्रेत्यांनी कात्री बाजूला ठेवली.

लॅमिनेशन आणि सेलोटेप कशालाही नको. पावसाळ्यात दस्त बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, आणि दर पंधरा दिवसांनी एकदा पंख्याखाली उघडे. हातकागदाला खळ असते, त्याला बुरशी सगळ्यात आधी धरते.

शंकेचं पाकीट

काही तिकिटं ठरणार नाहीत. रेघा आहेतही आणि नाहीतही, जाडी मधलीच, दस्त नाही. त्यांच्यासाठी वेगळं पाकीट ठेवा, वर बघितल्याची तारीख लिहा, आणि तारखेचा पुरावा असलेलं तसंच तिकीट मिळेपर्यंत थांबा.

सुरुवातीला सांगितलेल्या चार तिकिटांपैकी तिसरं, आडव्या रेघांचं, माझ्याकडे सहा वर्षं त्या पाकिटात होतं. मग एका गावच्या जुन्या वाड्यातून वकीलपत्रांचा गठ्ठा मिळाला. एकाच वकिलाची अकरा वकीलपत्रं, ओळीने तारखा, प्रत्येकावर तेच एक आण्याचं तिकीट. पहिल्या चारांवर करडा हातकागद, पुढच्या पाचांवर आडव्या रेघांचा लेड, शेवटच्या दोनांवर पातळ. रेघा मोजल्या, सेंटिमीटरला तेवढ्याच. वहीतली पेन्सिल खोडली आणि त्या रकान्यात पेनाने लिहिलं. जाड, पापडासारखं पहिलं तिकीट मात्र त्या गठ्ठ्यात कुठेच नाही. ते अजून पाकिटात आहे.